चित्राखालचं नाव



पुण्यात ताडीवाला रस्त्यावर ‘बापू भवन’ आहे. आज तिथे राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे. १९४६ साली ते डॉ. दिनशा मेहता यांचं निसर्गोपचार केंद्र होतं आणि गांधीजी तिथे मुक्कामाला होते. त्याच वर्षी ‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकाच्या छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट त्यांचा फोटो काढायला आल्या. गांधीजींच्या सचिवांनी त्यांना आधी विचारलं, सूत कातता येतं का? येत नव्हतं. मग चरखा हाताला कळल्याशिवाय चरखा चालवणाऱ्या माणसाचा फोटो कसा काढणार, म्हणून त्यांना कातायला बसवलं. त्यानंतर आत सोडलं, तेही अटी घालून. तो गांधीजींचा मौनाचा दिवस, त्यामुळे बोलायचं नाही. झगझगीत उजेड त्यांना आवडत नसे, त्यामुळे फ्लॅशचे तीनच बल्ब वापरायचे. खोलीत अंधार, खिडकीतला उजेड समोरून डोळ्यांवर. पहिले दोन बल्ब वाया गेले. तिसऱ्याला चित्र मिळालं.

ते चित्र या सभागृहातल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. पुढे मोठा काळसर चरखा, मागे जमिनीवर बसून हातातले कागद वाचणारे, उघड्या अंगाचे गांधीजी. दर २ ऑक्टोबरला आणि ३० जानेवारीला ते सकाळी सकाळी फोनवर येतं. त्याच्यावर सुविचार असतो, पाठवणाऱ्या संस्थेचं बोधचिन्ह असतं, कधी शुभेच्छुकांचे चेहरे असतात. बर्क-व्हाइट यांचं नाव नसतं. पुणेकर ते पुणेकरांना पाठवतात, आणि हे चित्र आपल्याच गावात, रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर काढलेलं आहे, हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि घेणाऱ्यालाही.

आजचा माझा विषय एवढाच आहे. दुसऱ्याने काढलेलं चित्र, टिपलेला फोटो आपण इंटरनेटवर पुढे पाठवतो, तेव्हा त्याच्या कर्त्याचं नाव सोबत जावं की नाही? जावं, असं सगळेच म्हणतील. पण आपण त्याला शिष्टाचारात जमा करतो. जमलं तर करायचं, राहिलं तर राहिलं. माझं म्हणणं वेगळं आहे. नाव हा चित्राचाच भाग आहे. नाव गळलं की चित्रातून काहीतरी खरोखर कमी होतं, आणि जे कमी होतं ते पाहणाऱ्याचंही नुकसान असतं.

हे पटवण्यासाठी गांधीजींचाच दुसरा एक फोटो घेतो. सेवाग्रामच्या कार्यालयात गांधीजी टेलिफोनवर बोलत आहेत, १९३८ सालचा. हा कनू गांधींनी काढला. कनू म्हणजे गांधीजींच्या पुतण्याचा मुलगा, आश्रमात वाढलेला, कार्यालयात कारकुनी करणारा. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्याने कॅमेरा घेतला. गांधीजींनी त्याला परवानगी दिली तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, मला ‘असे बसा, तसे बसा’ सांगायचं नाही, आणि आश्रम याचा खर्च देणार नाही. त्या अटी पाळून कनूंनी वर्षानुवर्षं फोटो काढले. दोन्ही चित्रांत माणूस तोच. पण एकात समुद्रापलीकडून आलेली, कसलेली व्यावसायिक स्त्री काही मिनिटांत साऱ्या जगाला समजेल असं प्रतीक रचते आहे. दुसऱ्यात घरातला मुलगा आजोबांना दिसतील तसे पाहतो आहे. मला कनूंच्या फोटोंत गांधीजी दमलेले, घाईत असलेले, गर्दीतही एकटे दिसतात, आणि हे बाहेरच्या कॅमेऱ्याला सहसा मिळालेलं नाही. हा फरक कळायला नाव लागतं. नाव नसेल तर दोन्ही फोटो ‘गांधीजींचे जुने फोटो’ या एकाच ढिगात जाऊन पडतात.

फोटो आपोआप होत नाही. कुणीतरी एका जागी उभं राहिलेलं असतं. १९१९ च्या हत्याकांडानंतर जालियनवाला बागेतल्या भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा टिपणारे नारायण विनायक विरकर मराठी छायाचित्रकार होते. त्या फोटोंत माणसं भिंतीजवळ उभी राहून बोटाने खुणा दाखवतात. ती बोटं आणि कॅमेऱ्यामागचा माणूस, दोघेही साक्षीदार आहेत. साक्ष नोंदवताना न्यायालय आधी साक्षीदाराचं नाव विचारतं. दर १३ एप्रिलला तो फोटो फिरतो तेव्हा आपण साक्ष पाठवतो आणि साक्षीदाराला गाळतो. मग पुढे कुणी ‘हे फोटो खरे कशावरून?’ असं विचारलं, तर आपल्या हातात सांगायला काही उरत नाही.

आता होमाई व्यारावाला यांच्याकडे येतो. त्यांच्याविषयी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण नाव पुसलं जाणं म्हणजे काय हे त्यांच्याइतकं क्वचितच कुणाच्या वाट्याला आलं असेल. जन्म १९१३, नवसारीचा. शिक्षण मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. छायाचित्रण त्या माणेकशा व्यारावालांकडून शिकल्या, ज्यांच्याशी पुढे त्यांचं लग्न झालं. होमाईंनी मुंबईतल्या बायका, मुली, रस्ते, कामाच्या जागा टिपायला सुरुवात केली. ते फोटो ‘इलस्ट्रेटेड वीकली’त येऊ लागले, पण सुरुवातीला माणेकशांच्या नावावर. बाई फोटो काढते हे कुणाच्या पचनी पडलं नसतं, आणि त्यांचं नाव तेव्हा कुणाला माहीतही नव्हतं. पुढे त्या ‘डालडा १३’ या टोपणनावानेही छापून आल्या. १९४२ नंतर दिल्लीत त्यांनी जे काही टिपलं ते आता शाळेच्या पाठ्यपुस्तकांचं अंग झालं आहे: फाळणीच्या निर्णयासाठी हात वर करणारे नेते, माउंटबॅटन दांपत्याचा निरोप, कबुतर उडवणारे नेहरू. १९७० साली त्यांनी कॅमेरा ठेवून दिला आणि कित्येक वर्षं त्या वडोदऱ्यात जवळपास अनोळखी राहिल्या. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं, पुढच्या वर्षी जानेवारीत त्या गेल्या.

मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही की, त्यांना त्यांचं नाव परत मिळालं ते अभ्यासकांनी जुने अंक आणि निगेटिव्ह एकेक करून जुळवले म्हणून. देशातली पहिली वृत्तछायाचित्रकार स्त्री ही ओळख त्यांना आयुष्याच्या उत्तरार्धात मिळाली. आणि एवढ्या कष्टाने परत जोडलेलं ते नाव नेहरूंचा फोटो फॉरवर्ड करताना आपल्या एका अंगठ्याच्या हालचालीने पुन्हा सुटतं. पहिल्या वेळी ते लपवण्यामागे निदान त्या काळाची सामाजिक अडचण होती. आज कोणती अडचण आहे?

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर चित्रकला शिकवत. वर्गात चित्र दाखवण्याआधी चित्रकाराचं नाव ते फळ्यावर लिहीत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. ही शिस्त आपल्याकडे छापखान्यातही होती. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आठवा. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर ही दोन्ही माणसं गोव्याच्या मातीतली. त्यांची सही चित्राच्या कोपऱ्यात असे, आणि ती इतकी ओळखीची होती की अंक विकत घेणारा आधी सही पाही. दलालांनी १९४५ साली स्वतःचा ‘दीपावली’ काढला. कॅलेंडरवर मुळगावकरांचा कृष्ण किंवा शंकर यायचा, देवघराशेजारी लागायचा, वर्ष सरलं तरी काढवत नसे. घरोघरच्या बायकांनी त्या सहीला रोज नमस्कार केला आहे म्हणायला हरकत नाही. आता तीच चित्रं सणासुदीला फोनवर येतात, आणि चौकट चौरस करायची म्हणून कोपरा कापलेला असतो. कापला जातो तो नेमका सहीचा कोपरा.

त्याआधीची गोष्ट राजा रविवर्म्यांची. १८९४ साली मुंबईत त्यांचा छापखाना निघाला, काही वर्षांत तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी आणि सरस्वती घराघरांत पोचल्या त्या इथून. त्या चित्रांच्या नकला त्यांच्या हयातीतच सुटल्या होत्या, म्हणजे हा रोग इंटरनेटने आणलेला नाही. पण मला आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ते छापील चित्र एकट्या रविवर्म्यांचं नव्हतं. एकेका रंगासाठी वेगळा दगड तयार करायचा, मूळ चित्राचे थर त्यावर उतरवायचे, हे काम करणारे कसबी कारागीर तिथे होते. रविवर्मा हे नाव उरलं, कारागिरांची नावं सर्वसामान्यांपर्यंत कधीच आली नाहीत. श्रेय देण्याची रीत जुनी असली तरी तिचा हात नेहमी वरच्या पायरीपर्यंतच पोचत आला. इंटरनेटवर जागेची टंचाई नाही. निदान इथे तरी तो खालपर्यंत पोचवता येईल.

नाव नेमकं गळतं कसं, हे एका ओळखीच्या जागेवरून दाखवतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. पावसाळ्यात सकाळी सूर्य पाठीशी असावा, समोर दरीत धुकं दाटलेलं असावं, तर धुक्यावर गोल इंद्रधनुष्य उमटतं आणि त्याच्या मधोमध पाहणाऱ्याचीच सावली दिसते. ते इंद्रवज्र. कर्नल साइक्स यांनी १८३५ साली ते तिथे पाहिल्याची नोंद आहे. आता आपल्याकडच्या एखाद्या तरुण भटक्याचा विचार करा. तो रात्रभर गुहेत भिजत बसतो, पहाटे कड्यावर जातो, धुकं हलतं तेवढ्या क्षणात त्याला फोटो मिळतो. त्याच्या कॅमेऱ्याच्या मूळ फाइलमध्ये दिनांक, वेळ, भिंगाची माहिती आणि त्याने भरून ठेवलं असेल तर त्याचं नाव, हे सगळं आत नोंदलेलं असतं. तो फोटो तो मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं आणि आतली ही नोंद काढून टाकतं. पहिली गळती इथे, आणि ती कुणाच्या हेतूशिवाय झालेली. डॉक्युमेंट म्हणून पाठवला असता तर नोंद टिकली असती, पण तसं कोण पाठवतं? मग कुणीतरी तो गडकिल्ल्यांच्या एखाद्या पेजला देतो. पेज चालवणारा खालच्या कोपऱ्यातलं बारीक नाव कापतो आणि मधोमध पेजचं नाव टाकतो. हे मात्र हेतूने झालेलं. तिसरा माणूस त्याचा स्क्रीनशॉट घेतो. चौथा त्यावर ‘सह्याद्री’ असं लिहून शिवरायांचा जयजयकार जोडतो. पाचवा माणूस पर्यटनाच्या जाहिरातीचा फ्लेक्स करणारा, तो हा फोटो गुगलवरून उतरवतो. सहाव्या ठिकाणी तो छापून येतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘छायाचित्र : गुगल साभार’.

गुगल कोकणकड्यावर गेलेलं नाही. शोधयंत्र चित्र कुठे आहे ते दाखवतं, ते काढत नाही. ‘सौजन्य : इंटरनेट’ असं लिहिणाऱ्याला नाव द्यायला हवं हे कळलेलं असतं, म्हणूनच तो काहीतरी लिहितो. त्याची सदसद्विवेकबुद्धी जागी झालेली असते, आणि तो तिला एका निरर्थक ओळीने झोपवतो. त्यापेक्षा ती जागा कोरी सोडलेली परवडली. कोरी जागा पाहून निदान वाचकाला प्रश्न पडेल.

मी बरीच वर्षं मासिकासाठी चित्रं निवडण्याचं काम केलं आहे, त्यामुळे फोटो ज्यांचे चोरीला जातात ती माणसं माझ्याशी बोलतात. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या कोकणातल्या एका शिक्षकाचा धनेशाचा फोटो एका प्रकाशनाने मोठ्या पोस्टरवर छापला. त्यांनी फोन केला, तेव्हा त्यांना उत्तर मिळालं, ‘अहो, तुमचा फोटो एवढ्या लोकांपर्यंत गेला, तुम्हाला आनंद व्हायला पाहिजे.’ ते मला म्हणाले, ‘पैसे नकोत मला. पण त्या घरट्यापाशी मी मुलांना नेत नाही, कारण गर्दी झाली तर मादी बिथरते. ती बाहेर येणार नाही इतक्या लांबून मी तो काढलाय. फोटोखाली माझं नाव असतं तर निदान कुणीतरी विचारलं असतं, कसा काढला?’ हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नाव असलं की चित्राला विचारता येतं. नाव हा पाहणाऱ्यासाठी उघडा ठेवलेला दरवाजा आहे.

‘प्रसिद्धी मिळते ना’ हा युक्तिवाद नावाशिवाय तर उभाच राहत नाही. ज्याचं नाव नाही त्याला कसली प्रसिद्धी? पण नाव दिलं म्हणजे सगळं फिटलं, असंही नाही, आणि इथे माझ्या बाजूची माणसंही घोटाळा करतात. श्रेय वेगळं, परवानगी वेगळी. ‘फोटो : अमुक तमुक’ असं लिहून एखाद्याचं चित्र पुस्तकाच्या मुखपृष्ठावर वापरलं तर ती नाव लावून केलेली उचलेगिरीच राहते. आणि परवानगी घेतली, पैसेही मोजले, म्हणून नाव गाळायची मुभा मिळत नाही. आपला कायदाही याच दोन वाटांनी चालतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ५७ वं कलम सांगतं की, हक्क विकून टाकले तरी कृतीचा कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क कर्त्याकडे राहतो, आणि आपल्या लौकिकाला बाध येईल अशी मोडतोड रोखण्याचाही. लग्नाच्या फोटोचं उदाहरण घ्या. वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क पैसे देणाऱ्या घराकडे जातो. तरी तो काढला कुणी, हे त्या घराला बदलता येत नाही.

अमरनाथ सहगलांचा खटला याच कलमावर उभा राहिला. दिल्लीच्या विज्ञान भवनात त्यांनी ब्राँझचं भलंमोठं भित्तिशिल्प केलं होतं, पाच वर्षं खपून. ते १९६२ साली लागलं. १९७९ मध्ये दुरुस्तीच्या निमित्ताने सरकारने ते उतरवलं आणि गोदामात टाकलं, त्यात ते मोडलं. शिल्पाचे पैसे सरकारने दिलेले, शिल्प सरकारच्या मालकीचं. तरीही दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली निकाल दिला तो शिल्पकाराच्या बाजूने: उरलेले अवशेष त्यांना परत करा आणि पाच लाख रुपये भरपाई द्या. पुढे २०१२ च्या दुरुस्तीने डिजिटल फाइलमधली कर्त्याची आणि हक्कांची नोंद हेतुपुरस्सर काढून टाकणं हा गुन्हा ठरला. पण धनेशाचा फोटो काढणारे शिक्षक न्यायालयात जाणार नाहीत. त्यांना वेळ नाही, पैसा नाही, आणि मुळात भांडण नको आहे. म्हणून हा प्रश्न कायद्यापेक्षा तुमच्या-माझ्या सवयीचा आहे.

इथे वारली चित्रांविषयी बोललंच पाहिजे, कारण तिथे ‘कर्ता एक’ ही माझी सगळी मांडणी अपुरी पडते. लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. तो सवासिनी लिहितात, धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई गाणी म्हणते. तिथे कुणी सही करत नाही, करण्याची कल्पनाही नसते. ते चित्र विधीचं आहे, जमातीचं आहे. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णींसारख्या माणसांनी ही कला कागदावर यायला मदत केली आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे विधीच्या बाहेर पडून रोज चित्र काढू लागले. मासे पकडणाऱ्यांची जाळी, मुंग्यांचं वारूळ, तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरणारा नाच: ही मशेंची स्वतःची नजर आहे, जमातीच्या लिपीत लिहिलेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले.

आज कुर्त्यावर, चहाच्या कपावर, हॉटेलच्या भिंतीवर, सरकारी पत्रिकेवर त्रिकोणी माणसं नाचतात, आणि खाली फार तर ‘वारली आर्ट’ एवढंच असतं. यात दोन माणसं एकदम पुसली जातात. जे चित्र खरोखर एका माणसाचं आहे, मशेंचं किंवा आजच्या एखाद्या तरुण वारली चित्रकर्तीचं, त्याच्यावरचं नाव ‘लोककला’ म्हणून काढून घेतलं जातं. आणि जे चित्र जमातीचं आहे ते कुठल्या गावचं, कुठल्या विधीचं, कुणाच्या घरचं हे सांगितलं जात नाही. वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळालेली आहे, पण ती नोंदणी प्रदेशाचं रक्षण करते, व्यक्तीचं नाव ती देत नाही. शहरी चित्रकाराचं चित्र त्याच्या नावाने ओळखायचं आणि आदिवासी चित्रकाराचं जमातीच्या नावाने, हा भेद मला अन्याय वाटतो. जिथे व्यक्ती आहे तिथे व्यक्तीचं नाव द्या. जिथे देवचौक आहे तिथे गाव आणि प्रसंग द्या, आणि त्या घराला विचारल्याशिवाय तो फोटो टाकूच नका. विधी सगळ्यांना पाहण्यासाठी असतोच असं नाही.

यावरून एक अवघड बाजू येते. फोटोत जो दिसतो त्याचं काय? भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरात मातीत पुरल्या जाणाऱ्या एका लहान मुलाचा चेहरा जगाने पाहिला. त्या मुलाचे दोन फोटो प्रसिद्ध आहेत. रघु राय यांचा कृष्णधवल, पाब्लो बार्थोलोम्यू यांचा रंगीत, ज्याला वर्ल्ड प्रेस फोटोचा त्या वर्षीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. दोन्ही नावं जगाला ठाऊक आहेत. मूल अज्ञात आहे. छायाचित्रकाराचं नाव देताना या असमतोलाचं भान ठेवलं पाहिजे. जिवंत माणसाच्या बाबतीत तर जास्तच. अपघातात सापडलेला माणूस, दवाखान्याच्या खाटेवरचा रुग्ण, अत्याचार झालेली मुलगी: अशा फोटोखाली छायाचित्रकाराचं नाव नीट लिहिलं म्हणून तो पुढे पाठवणं योग्य ठरत नाही. तिथे योग्य ते एकच, न पाठवणं. आणि काही वेळा छायाचित्रकारच नाव नको म्हणतो, कारण जिथे तो राहतो तिथे त्या फोटोपायी त्याच्या जिवावर बेतेल. मग ते नाव लपवणं हाच त्याच्या श्रमाचा मान.

चुकीचं नाव देणं हे नाव न देण्याहून वाईट, हे ठसवणारं उदाहरण अलीकडचं आहे. ८ जून १९७२, व्हिएतनाम. नापाम बॉम्बने भाजलेली, अंगावर कपडा नसलेली किम फुक रस्त्याने धावत येते. हा फोटो असोसिएटेड प्रेसच्या निक ऊट यांच्या नावाने पन्नासहून अधिक वर्षं ओळखला गेला, त्याला पुलित्झर मिळालं. २०२५ च्या जानेवारीत एक माहितीपट आला. त्यात दावा केला गेला की फोटो एका हंगामी व्हिएतनामी छायाचित्रकाराने, न्यूएन थान न्गे यांनी काढला होता, त्यांना वीस डॉलर देऊन वाटेला लावलं आणि नाव बदलून तो पाठवला गेला. निक ऊट यांनी हे साफ नाकारलं. असोसिएटेड प्रेसने तपास केला आणि श्रेय बदलावं इतका पक्का पुरावा नाही म्हणून ते कायम ठेवलं. वर्ल्ड प्रेस फोटोने मात्र मे २०२५ मध्ये कर्त्याचं नाव स्थगित केलं. आता पाहा, त्या फोटोतली मुलगी तीच आहे, रस्ता तोच, धूर तोच. मग दोन वृद्ध माणसं एका ओळीसाठी इतक्या तळमळीने का भांडतात? कारण ती ओळ म्हणजे ‘मी तिथे होतो’ हे वाक्य आहे. ते वाक्य ज्याचं त्यालाच मिळालं पाहिजे. ज्याला आपण ‘बारीक अक्षरातला मजकूर’ समजतो त्यात एका माणसाचं अख्खं आयुष्य असू शकतं.

आणि चित्र माणसाने काढलेलंच नसेल तर? २०२५ च्या मार्चमध्ये लोकांनी आपापले फोटो जपानी जिब्ली स्टुडिओच्या शैलीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून काढून घेतले, तुमच्या घरातही कुणीतरी केलं असेल. हायाओ मियाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाताने एकेक चौकट रंगवून घडवलेली ती शैली. यंत्राने केलेल्या चित्राखाली कुणाचं नाव घालायचं, याचा निवाडा अजून व्हायचा आहे आणि तो इथे बसून मी करणार नाही. एवढं मात्र आज करता येतं: चित्र यंत्राने केलेलं आहे हे लिहायचं, आणि कुणाच्या शैलीत मागितलं तेही लिहायचं.

‘कर्ता सापडत नाही हो’ ही तक्रार मला नेहमी ऐकू येते. बऱ्याचदा ती शोधलेलं नाही म्हणून केलेली असते. फोनच्या क्रोम ब्राउझरमध्ये चित्र दाबून धरलं की गुगल लेन्सने शोधण्याचा पर्याय येतो. टिनआय नावाचं दुसरं साधन आहे, ते त्या चित्राची सर्वांत जुनी नोंद दाखवू शकतं. विकिमीडिया कॉमन्सवरच्या प्रत्येक चित्राच्या पानावर कर्त्याची आणि परवान्याची माहिती दिलेली असते. तिथली बहुसंख्य छायाचित्रं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची असतात, म्हणजे ती फुकट वापरता येतात आणि बहुतेकांची पहिली अट असते, नाव द्या. फुकट दिलेल्या वस्तूची एवढी साधी अट न पाळणं मला कुठल्याही कारणाने समजत नाही. शोधूनही सापडलं नाही, तर ‘छायाचित्रकार अज्ञात, कुणाला माहीत असल्यास कळवावं’ असं लिहा. लोक कळवतात. जुन्या मुंबईच्या, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या फोटोंखाली अशी ओळ आली की कुणाचा तरी नातू येतो आणि म्हणतो, हे आमच्या आजोबांनी काढलंय.

शेवटी एक विनंती, आणि ती या सभागृहातल्या वडीलधाऱ्यांना आहे. आपल्याकडे तालुक्याच्या गावात बाजारपेठेत, एसटी स्टँडसमोर फोटो स्टुडिओ असत. कृष्णधवल फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून मिळे. पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला स्टुडिओचं नाव उठावदार अक्षरांत दाबलेलं असे, नाहीतर मागे जांभळ्या शाईचा रबरी शिक्का, गावाचं नाव आणि कधी निगेटिव्हचा क्रमांक. आता घरोघर नातवंडं हे फोटो मोबाइलवर स्कॅन करून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकत आहेत. चांगली गोष्ट आहे. पण ती फक्त समोरची बाजू स्कॅन करतात आणि पुठ्ठा कापून फेकतात. त्या स्टुडिओंपैकी बहुतेक बंद झाले, निगेटिव्ह भंगारात गेल्या. कुठल्या गावात कोण फोटो काढत होतं, याची नोंद आता फक्त त्या पुठ्ठ्यांवर उरली आहे. म्हणून घरी गेल्यावर जुन्या फोटोंची पेटी उघडाल तेव्हा नातवंडांना सांगा, फोटो उलटाही कर, मागची बाजूही स्कॅन कर. ग्रुपवर टाकताना आजीचं नाव लिहाल तसं स्टुडिओचंही लिहा, गाव लिहा, साल माहीत असेल तर साल लिहा. आणि तो स्टुडिओ चालवणाऱ्यांचं कुणी गावात अजून असेल, तर एकदा जाऊन त्यांना तो फोटो दाखवा.